मचाण कुठं बांधावं: आधी वारा, मग उजेड, झाड सगळ्यात शेवटी

वैशाख पौर्णिमा जवळ आली की प्राणीगणनेसाठी पाणवठ्यांवर मचाणं बांधायची लगबग सुरू होते. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या रानात, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला, येवल्याच्या माळावर बल्ल्या आणि बांबू उतरतात, पाण्याच्या अगदी काठावरचं चढायला सोपं झाड धरलं जातं आणि दोन तासांत मचाण उभं राहतं. रात्रभर बसलेली मंडळी सकाळी खाली उतरून सांगतात, "काही आलंच नाही." बऱ्याचदा आलेलं असतं. पन्नास पावलांवर थांबून, नाक वर करून, माणसाचा वास घेऊन आल्या वाटेनं परत गेलेलं असतं. उजाडल्यावर मागच्या झुडपांत ताजे खूर बघितले की सगळा हिशोब लागतो.

आधीच सांगून टाकतो: हे सगळं बघण्यासाठी, मोजण्यासाठी आणि फोटोसाठी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणांची शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष लावणं आणि जनावर हाकणं हेही येतं. त्यामुळे मचाणासमोर मिठाचे खडे टाकणं किंवा मक्याची कणसं पसरणं "फक्त फोटोसाठी" म्हणूनसुद्धा करायचं नाही. अभयारण्यात मचाणाची जागा वनविभाग ठरवतो. तरीही वनरक्षक पाहणीला निघतात तेव्हा सोबत जाऊन चार गोष्टी सुचवता येतात, आणि बहुतेक वनरक्षक त्या ऐकूनही घेतात, कारण रिकामं रजिस्टर त्यांनाही नको असतं.

पहिली गोष्ट वारा. "वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा" हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच बरोबर आहे. तुमचा वास पाण्याकडं जाऊ नये म्हणून पाण्यावरून वारा तुमच्याकडं यावा, इथपर्यंत ठीक. पण भेकर किंवा सांबर पाण्यावर सरळ येत नाही. ते बऱ्याचदा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातं, तिथं उभं राहून पाण्यावरून येणारा वास घेतं आणि मगच पुढं सरकतं. म्हणजे पुस्तकी पद्धतीनं तुम्ही नेमकं जिथं बसता, त्याच जागेच्या मागं जनावर येऊन उभं राहतं. पाण्याची वाट ते बघतच नाही, तुमची पाठ बघतं. म्हणून वाऱ्याला आडवं बसायचं. वारा तुमच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडं जायला हवा, आणि ज्या बाजूला तो जातो त्या बाजूनं जनावराची मोठी वाट येत नसावी.

नाशिककडं एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतरचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो आणि संध्याकाळी चांगला जोर धरतो. म्हणजे आडवं बसायचं तर पाण्याच्या दक्षिणेला किंवा उत्तरेला. या दोनपैकी कोणती बाजू, ते उजेड ठरवतो, त्याकडं नंतर येऊ.

कारण वाऱ्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. डोंगराळ भागात दिवसाचा वारा आणि रात्रीचा वारा वेगळे असतात. सकाळी उन्हानं उतार तापले की हवा नाल्यातून वर चढते. सूर्य बुडाला, पश्चिमेचा वारा पडला, की थंड झालेली जड हवा उतारावरून खाली सरकते आणि पाण्यासारखीच नाल्यानाल्यानं वाहते. हा वारा इतका मंद असतो की पानही हलत नाही, पण तो वास बरोबर वाहून नेतो. पाणवठा नाल्यात आणि मचाण नाल्याच्या वरच्या अंगाला असेल, तर संध्याकाळी सातपर्यंत सगळं छान चालतं आणि आठनंतर तुमचा घाम, डब्यातली लसणाची चटणी आणि डासांचं मलम थेट पाण्यावर उतरतं. म्हणून रात्रीची बैठक असेल तर मचाण पाण्याच्या वर कधीच नको. नाल्याच्या खालच्या अंगाला, पण नाल्याच्या पात्रात नाही, बाजूच्या काठावर.

हे तपासायला अगरबत्ती किंवा धूर वापरू नका. मे महिन्यात रान वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरे. रुईचं सुकलेलं बोंड फोडलं की आतून निघते ती म्हातारी याला उत्तम. ज्या उंचीवर बसणार तिथं चढून एकेक म्हातारी सोडायची आणि दुर्बिणीनं तिच्यामागं जायचं. ती वीस पावलांवर वळते, झाडाच्या मागं गरगरते, कधी उलटी फिरून पाण्याकडं येते. जमिनीवर उभं राहून चेहऱ्याला लागणारा वारा आणि पंधरा फुटांवरचा वारा यांत बराच फरक पडतो, आणि तो असाच कळतो. तपासणी ज्या वेळी बसणार त्या वेळीच करायची: संध्याकाळी पाचला, रात्री आठ-नऊला, पहाटे. दुपारी बाराला जाऊन वारा बघितला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता उजेड. इथं एक अडचण येते. वारा पश्चिमेचा म्हणून कुणी पाण्याच्या पूर्वेला बसलं, तर संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे हालचाल सुरू होण्याच्या नेमक्या वेळी, सूर्य डोळ्यांत येतो. मे महिन्यात नाशिकला सूर्य ऐन पश्चिमेला मावळत नाही, चांगला उत्तरेकडं सरकून मावळतो. पाण्यावरची तिरीप आणि समोरचा सूर्य यांत काळं खूर दिसत नाही की शिंग. चंद्राचं याच्या बरोबर उलट. वैशाखातला पूर्ण चंद्र आग्नेयेकडं झुकून उगवतो, मध्यरात्री दक्षिणेला येतो आणि तिथंही डोक्यावर येत नाही, साधारण अर्ध्या आकाशापर्यंतच चढतो. म्हणजे रात्रभर उजेड दक्षिणेकडून.

दोन्ही जुळवा. मचाण पाण्याच्या दक्षिणेला, किंचित आग्नेयेकडं सरकवून बांधलं आणि तोंड उत्तर-वायव्येला ठेवलं, तर संध्याकाळचा सूर्य डाव्या अंगाला राहतो, चंद्र रात्रभर पाठीमागं राहतो आणि त्याचा उजेड समोरच्या जनावरावर पडतो, पहाटेचा सूर्य उजवीकडं आणि मागं. पश्चिमेचा वारा आडवा जातो. आपल्या गोदावरी खोऱ्यातले बरेच ओढे पूर्वेला किंवा आग्नेयेला उतरतात, तिथं ही जागा खालच्या अंगालाही येते. पेठ-सुरगाण्यात मात्र पाणी पश्चिमेला वाहतं. तिथं रात्रीचा वारा आणि संध्याकाळचा वारा एकमेकांविरुद्ध असतात, आणि मग संध्याकाळ हवी की रात्र, हे ठरवून एकाला सोडावं लागतं. भेकरासाठी संध्याकाळ आणि पहाट, सांबरासाठी रात्र.

चंद्र पाठीमागं असण्यात एक तोटा आहे: तुमची सावली पुढं पडते. उघड्या फांदीवर बसलात तर मान वळवली तरी जमिनीवर सावली हलते आणि ती जनावराला दिसते. म्हणून पाठीमागं जाड खोड किंवा गच्च पानोरा हवाच. हिरवी जाळी पुढं बांधण्यापेक्षा मागं बांधणं जास्त कामाचं, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा माणसाचा आकार लपला की निम्मं काम झालं.

अंतर किती ठेवायचं? पाण्याच्या काठापासून २५ ते ४० मीटर. काठावरच्या झाडावर बसायचा मोह होतो, पण त्याचे दोन तोटे. एक, कोन. बैठक ५ मीटरवर आणि जनावर ३० मीटरवर असेल तर तुम्ही साधारण ९-१० अंशांनी खाली बघता, अंगलट नीट दिसते, नर-मादी ओळखू येते. तेच जनावर १० मीटरवर असेल तर कोन २७ अंशांच्या आसपास जातो आणि नुसती पाठ दिसते. दुसरा तोटा जास्त गंभीर: त्या टापूत पाणी एकच असेल आणि तुम्ही त्याच्या उरावर बसलात, तर जनावर तहानलेलं परत जातं. मे महिन्यात ही चेष्टा नाही. पाणी एकच असेल तर ४० मीटरच्या आत येऊच नका.

उंची १३ ते १८ फूट पुरे. त्याखाली तुम्ही नजरेच्या पातळीत येता. त्यावर गेलं की फांद्या बारीक होतात, झोका वाढतो, आणि पडलात तर काय होईल ते सांगायला नको. उंच बसलं की वास वरून निघून जातो असं म्हणतात. जातो, आणि पुढं कुठंतरी खाली उतरतो. कुठं, ते म्हातारी सोडून बघा.

माग काढणं ही वेगळी विद्या आहे, पण जागा ठरवण्यापुरतं एवढं करता येतं. पाण्याच्या काठावरचे ठसे बघत बसू नका, तिथं गुरांचे, शेळ्यांचे, डुकरांचे खूर एकात एक मिसळलेले असतात. पाण्यापासून पन्नास पावलं दूर जा आणि तेवढ्याच अंतरावरून पूर्ण एक फेरी मारा. ज्या ज्या ठिकाणी रानवाट फेरीला छेदते तिथं एक दगड ठेवा. फेरी संपली की पाण्याकडं येणाऱ्या सगळ्या वाटा दगडांवरून दिसतात. मग प्रत्येक वाटेवर लेंड्या बघा. ओलसर, काळ्या आणि चकाकणाऱ्या असतील तर ताज्या. उन्हात त्या काही तासांत निस्तेज होतात, फिक्या आणि भेगाळलेल्या म्हणजे जुन्या. बाभळी-बोरीच्या खालची डहाळी किती उंचीवर कुरतडली आहे तेही बघा. गुडघ्याच्या वर, मांडीच्या आसपास ताजी खुडलेली पालवी हे भेकराचं काम असू शकतं, पण शेळीही तेच करते, म्हणून शेजारी खूर दिसल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. ठसा मऊ फुफाट्यात असेल तर कडा बघा: धारदार कडा म्हणजे कालचा वारा सुटल्यानंतरचा, मोडलेल्या आणि गोलसर कडा म्हणजे आधीचा.

वाटा कळल्या की मग झाड. आंबा पहिल्या नंबरचा: मे महिन्यात भरगच्च पानं, जाड दुबेळकी, खरबरीत साल. करंजाला एप्रिलमध्ये नवी पालवी येते, तोही चांगला. मोह मजबूत असतो, पण मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला पहाटेपासून माणसं येतात, त्या दिवसांत त्याच्यावर बसून उपयोग नाही. साग सरळ आणि दणकट, मात्र उन्हाळ्यात पूर्ण बोडका, त्यावर बसलेला माणूस अर्ध्या कोसावरून दिसतो. जांभळाचा पानोरा फसवा आहे: सावली गार, फांदी मात्र कडकन मोडते, इशारा न देता. शेवगा, पांगारा, सलई, सावर यांची लाकडं मऊ, त्यांच्यावर वजन टाकूच नका. निलगिरी कधी फांदी टाकील त्याचा नेम नाही. उंबराला फळं धरली असतील तर त्याच्यावर बसण्यापेक्षा त्याच्याकडं तोंड करून बसा, अख्खं रान तिथं येतं.

कोणतंही झाड पक्कं करण्याआधी लांबूनच दुर्बिणीनं शेंडा तपासा. आग्यामोहोळ असेल तर ते झाड आणि त्याच्या आसपासचीही झाडं बाद. आग्या माश्या चांदण्या रात्रीही उडतात आणि टॉर्चच्या झोतावर झेपावतात. झाडावर अडकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी, खोडातली पोकळी, बुंध्याशी वाळवीची माती, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, वाळलेली वरची फांदी: यांतलं काहीही दिसलं तर पुढं चला. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर निदान ३ फूट हवा.

बांधणीत सगळ्यात जास्त चूक होते ती दोन झाडांच्या मध्ये मचाण बांधण्याची. वारा सुटला की दोन्ही झाडं वेगवेगळी डुलतात, बंध घासतात, रात्री बाराला करकर सुरू होते आणि पहाटेपर्यंत एखादी गाठ सैल पडते. एकाच झाडाच्या दुबेळक्यात बांधा, किंवा लोखंडी शिडीचं मचाण एकाच खोडाला पट्ट्यांनी आवळा. खिळे ठोकू नका, झाडाला जखम होते आणि ओल्या लाकडातला खिळा सैलही होतो. दोन माणसांना ६ फूट बाय ४ फूट जागा लागते, त्याहून लहान जागेत पाय आखडतात आणि माणूस सारखा हलतो. ताजा बांबू वाळताना आक्रसतो, त्यामुळे आठवड्यापूर्वी आवळलेला बंध आज ढिला असतो: बसायच्या दिवशी प्रत्येक गाठ पुन्हा ओढून बघायची. जिथं बांबू बांबूवर येतो तिथं मध्ये गोणपाटाची घडी घाला, आवाज बंद होतो. दोघं बसणार असतील तर आधी चौघांच्या वजनाची वाळूची पोती चढवून एक तास तशीच ठेवा.

आणि पट्टा. कमरेचा साधा पट्टा नाही, खांदे आणि मांड्यांतून जाणारा पूर्ण अंगाचा, जो बांधकामावर वापरतात तो. जमिनीवरून चढायला सुरुवात करतानाच तो खोडाला अडकलेला हवा, कारण लोक पडतात ते बहुधा बसलेले असताना नाही, शिडीवरून मचाणावर पाय टाकताना पडतात. दोरी इतकी आखूड ठेवा की घसरलात तरी मचाण हाताला लागेल. पट्ट्यात नुसतं लोंबकळत राहणंही धोक्याचं असतं, पाय टेकवायला काही नसेल तर काही मिनिटांत रक्त पायांत साचायला लागतं. सॅक, कॅमेरा, पाण्याची बाटली अंगावर घेऊन चढायचं नाही, वर पोचल्यावर दोरीनं ओढून घ्यायचं.

मचाणाकडं जाणारी वाट लोक विसरतात. तुमच्या पावलांचा वास जमिनीवर बराच वेळ राहतो. दगड ठेवून काढलेल्या रानवाटांपैकी एकही न ओलांडता, वाऱ्याच्या खालच्या अंगानं, तीन-साडेतीनपर्यंत वर चढलेलं बरं. सागाची वाळलेली पानं पापडासारखी वाजतात, म्हणून शेवटची वीस पावलं आदल्या दिवशी डहाळीनं झाडून घ्या. समोर आडवी येणारी फांदी तोडायची नाही, सुतळीनं बाजूला बांधायची आणि सकाळी सोडायची. वळवाचं लक्षण सोडलं तर रात्री खाली उतरायचं नाही. लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली वर न्या. बिबट्या झाडावर चढतो, पण खरा धोका अंधारात पायवाटेवर अचानक समोरासमोर येण्याचा असतो.

दुर्बीण ८x४२ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) घेतली तर चालते, चांदण्यात ७x५० जास्त उजेड देते. १०x४२ दिवसा छान, रात्री काळोखी. टॉर्च स्वतःच्या वहीपुरता, लाल कागद लावून. जनावरावर झोत टाकायचा नाही.

वळवाचं लक्षण दिसलं, लांब गडगडलं, तर वाद न घालता उतरा. उंच झाडावर लोखंडी शिडीला टेकून बसणं म्हणजे विजेला आवतण. शिवाय वळीव पडून गेला की खळग्याखळग्यात पाणी साचतं आणि जनावरांना तुमच्या पाणवठ्याची गरजच उरत नाही. दोन-तीन दिवस तिथं शुकशुकाट असतो, त्यावरून संख्या घटली असं समजू नये.

येवल्याकडच्या ममदापूर-राजापूरच्या माळावर, म्हणजे काळविटांच्या रानात, मात्र वरचं बरंचसं लागू पडत नाही. काळवीट हे मुळात सांबर-भेकरांच्या मृगकुळातलं नाही, त्याचा भरवसा नाकापेक्षा डोळ्यांवर, आणि ते मुख्यतः दिवसा वावरतं. उघड्या गवतात एकट्या कडुनिंबावर बांधलेलं मचाण त्याला दोन-तीनशे मीटरवरून दिसतं आणि ते तिथून बगल देतं. पौर्णिमेची रात्र काळविटासाठी वाया जाते. पाण्यावर ते सकाळी आणि ऊन उतरल्यावर येतं. इथं उंची सोडा आणि जमिनीवर बसा: बांधाच्या आडोशाला गुडघाभर खोल बैठक, वर त्याच माळाचं वाळलं गवत, खिडकी एकच आणि ती वीतभर. आडोसा पंधरा दिवस आधी उभा करून रिकामा सोडून द्या, म्हणजे कळप त्याला सरावतो. नराची जागा ओळखायला लेंड्यांचे ढीग बघा, तो रोज त्याच त्या ढिगावर येतो. बैठक ढिगापासून ६०-७० मीटरवर, सूर्य पाठीशी.

पिकाच्या राखणीसाठी मचाण बांधणाऱ्या शेतकऱ्यानं वाऱ्याचा सगळा हिशोब उलटा करावा. तिथं वास लपवायचा नसतो, पोचवायचा असतो. कांद्याच्या किंवा मक्याच्या मधोमध मचाण बांधण्यापेक्षा माळाला लागून असलेल्या बांधावर, ज्या बाजूनं वारा रानाकडं वाहतो त्या बाजूला बांधलं तर नुसत्या वासानंही कळप कड बदलतो. खरिपात वारा पश्चिम-नैऋत्येचा, रब्बीत पहाटे पूर्वेकडचा मंद: म्हणजे एकच मचाण दोन्ही हंगामांना पुरत नाही, सुटं आणि हलवता येईल असं बांधा.

काम झालं की मचाण त्याच आठवड्यात सोडवा. पट्टे आणि दोर खोडाला तसेच राहिले तर पावसाळ्यात खोड फुगतं, पट्टा सालीत रुततो आणि पुढच्या वर्षी तेच झाड वरून वाळायला लागतं. उन्हात वर्ष काढलेला नायलॉनचा दोर हाताला चांगला लागला तरी पुन्हा वापरू नका, गुरं बांधायलाही नको. तो कापूनच टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.